सफारी बीटलची नोंदवही: हाल्डा आली, उजवा हात बाकी

हाल्डा, म्हणजे रॅलीत नेमकं अंतर मोजणारं यंत्र, मिळाली. ट्रिपमास्टर, किलोमीटरवाली, काच शाबूत, आकडे फिरतात. आतली पितळी दातेरी चाकांची जोडी मात्र नाही, आणि तिच्याशिवाय हाल्डा म्हणजे डॅशबोर्डावरचं शोभेचं डबडं. त्याचं पुढे सांगतो. नव्याने वाचणाऱ्यांसाठी आधी गाडीची ओळख.

१९५८ची फोक्सवॅगन बीटल. मागची काच मोठी, चौकोनी, म्हणजे ऑगस्ट १९५७ नंतरची. इंजिन ११९२ सीसी, ३० हॉर्सपॉवर. वायरिंग ६ व्होल्ट. वळताना ब्लिंकर लागत नाही, दारामागच्या खांबातून दिवा असलेला हात बाहेर येतो, तो सिमाफोर. पेट्रोलचा काटा नाही, पायाशी रिझर्व्हचा नळ आहे. पोर्तुगीज अमदानीत मुरगाव बंदरात उतरलेली गाडी. तेव्हा गोव्यात परदेशी गाड्या सहज येत; १९६१ला गोवा मुक्त झाला, भारताचे आयात-निर्बंध इथेही लागू झाले आणि गाड्यांसोबत त्यांचे पार्टही यायचे थांबले. त्यामुळे त्या काळातली गोव्यातली कुठलीही गाडी उघडा, आत सहा दशकांची जुगाडं थरावर थर बसलेली दिसतात. माझीत हॉर्न फियाटचा निघाला, वायपरची मोटर कशाची ते अजून कोणी ओळखलेलं नाही, आणि कार्ब्युरेटरची खटकी सायकलच्या स्पोकची. त्या मेस्तांना नावं ठेवत नाही. त्यांनी गाडी चालती ठेवली म्हणून आज माझ्या दारात उभी आहे. पण ती जुगाडं आता एकेक करून उतरवायची आहेत.

रॅलीची गाडी आणि तीही बीटल, असं ऐकून काही जण हसतात. त्यांनी ईस्ट आफ्रिकन सफारीची विजेत्यांची यादी काढावी. एलिझाबेथ राणीच्या राज्यारोहणानिमित्त १९५३ला कोरोनेशन सफारी म्हणून सुरू झालेली ही शर्यत बीटलने १९५४, १९५७ आणि १९६२मध्ये जिंकली. सुरुवातीच्या वर्षांत तिथे गाड्यांचे वर्ग शोरूममधल्या किमतीवरून पाडत आणि गाड्या जवळपास दुकानातून निघालेल्या तशाच पळत. मला १९५७ची सफारी बीटल उभी करायची आहे. म्हणजे मोठं इंजिन नको, दोन कार्ब्युरेटर नकोत, पुढे डिस्क ब्रेक नकोत. ३० हॉर्सपॉवर, पण प्रत्येक घोडा हजर.

याला कायद्याचीही बाजू आहे. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवायची तर ती मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. अशी गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच. म्हणून '१६०० सीसीचं इंजिन टाक आणि मोकळा हो' हा सल्ला देणाऱ्यांना मी चहा पाजतो आणि विषय बदलतो.

आता पार्टांकडे. सगळ्यात अवघड काय गेलं असेल, तर टिन, म्हणजे इंजिनाभोवतीचे पत्रे.

बीटलचं इंजिन हवेवर थंड होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण ती हवा कशी वाहते याकडे फार थोडे लक्ष देतात. पंखा वरून हवा ओढतो, हाऊसिंगमधून सिलिंडरांवर सोडतो, तापलेली हवा खाली निघून जाते. वरची गार हवा आणि खालची गरम हवा यांच्यामध्ये भिंत म्हणून इंजिनाभोवती पत्र्याचे तुकडे आणि त्यांच्या कडेला, बॉडीला चिकटून बसणारी रबराची पट्टी. हे तुकडे प्रत्येक वेळी इंजिन काढताना सुटतात. घाईत एखादा मागे राहतो, 'त्याच्याशिवायही चालते' असं कोणीतरी म्हणतं, आणि ती चालतेही. फक्त खालची तापलेली हवा पंखा पुन्हा ओढू लागतो. त्यातून तीन नंबरच्या सिलिंडरवरची हवा आधीच ऑइल कूलरमुळे अडलेली असते, म्हणून पहिला बळी तोच. या इंजिनांचा तीन नंबरचा व्हॉल्व्ह का जळतो ते विचारणाऱ्यांनी आधी टिन मोजावेत.

शिवाय धूळ. डिचोली-साखळीच्या खाणपट्ट्यातली तांबडी धूळ ज्याने खाल्ली आहे त्याला वेगळं सांगायला नको. सफारीवाल्यांचंही अर्धं लक्ष धूळ बाहेर ठेवण्यात असायचं. माझा ऑइल-बाथ एअर क्लीनर मूळचा आहे आणि तो कागदी फिल्टरपेक्षा या धुळीत बरा वाटतो, कारण धुऊन, तेल बदलून पुन्हा लावता येतो. पण टिनच्या फटीतून धूळ वर येत असेल तर बिचारा क्लीनर तरी किती गिळणार.

अडचण अशी की बाहेर नवे टिन बनतात ते बहुतेक पुढच्या ३४ हॉर्सपॉवरच्या आणि त्यानंतरच्या इंजिनांसाठी. दोन्हींचा बोअर ७७ आणि स्ट्रोक ६४ मिलिमीटर, सीसी तेवढेच, पण १९६०ला इंजिन नव्याने आखलं गेलं. केस, सिलिंडर, हेड यांतलं एकमेकांना लागत नाही. ओळखायची सोपी खूण: ३० हॉर्सपॉवरमध्ये जनरेटरचा खांब क्रँककेसमध्येच ओतलेला असतो, पुढच्यात तो बोल्टाने बसवलेला. परराज्यातल्या एका विक्रेत्याने मला '१९५८चे' म्हणून हेड पाठवले ते ३४चे निघाले. पार्सल परत गेलं, पैसे यायला मात्र वेळ लागला. तेव्हापासून फोटो मागताना शेजारी मोजपट्टी ठेवायला सांगतो.

टिन शेवटी लोटलीला सापडले. तिथल्या एका जुन्या वाड्यात एकेकाळी बीटल होती एवढं एका निवृत्त तारवट्याकडून, म्हणजे जहाजावर नोकरी केलेल्याकडून, कळलं होतं. गाडी केव्हाच भंगारात गेली होती. घरच्या आंटीने मला मागच्या परसात नेलं, आणि विहिरीवरच्या पंपाला पाऊस लागू नये म्हणून त्यावर पालथी घातलेली वस्तू बघून मी थबकलो. पंख्याचं हाऊसिंग! बाजूला हीटरच्या पाइपांची तोंडं नाहीत, म्हणजे नक्की जुनं. "तें व्हरून कितें करतलो रे?" आंटी म्हणाली, म्हणजे ते नेऊन काय करणार. मी समजावून सांगितलं. तिचं म्हणणं एवढंच होतं की पंप उघडा पडता कामा नये. दुसऱ्या खेपेला फायबरचं झाकण नेऊन बसवलं, हाऊसिंग घेतलं, आणि खोपीत शोधल्यावर सिलिंडरखालचे दोन तुकडे आणि मागचा पत्राही मिळाला. गंज वरवरचा होता. पंख्याच्या तोंडाची थ्रॉटल रिंग मात्र नव्हती. थर्मोस्टॅट तापेपर्यंत हवा अडवून धरायचं तिचं काम. आपल्या हवेत तिच्यावाचून अडत नाही असं माझं मत आहे. मूळ रूपाच्या हट्टासाठी शोधत राहीन, पण तिच्यासाठी गाडी थांबवणार नाही.

यातून एक धडा घेतला म्हणा: दुर्मिळ पार्ट जिथे गाडी जपली जाते तिथे मिळत नाहीत. जपणारा माणूस सोडत नाही. जिथे गाडी वापरून संपली, तिथे खोपीत, माळ्यावर, विहिरीवर काहीतरी शिल्लक असतं. मुंबईच्या चोर बाजारात आणि कुर्ल्याच्या भंगारात मी फिरलो आहे. तिथे आता विकणाऱ्यालाही भाव पाठ असतो.

पुढचा अ‍ॅक्सल. किंग पिन आणि लिंक पिन, म्हणजे पुढच्या चाकांच्या सांध्यांतल्या पिना, यांचं हे बांधकाम १९६५पर्यंत चाललं, त्यामुळे तयार किट मिळतात. पण बुशांची जात काय हे डब्यावरून कळत नाही, म्हणून बुश कोल्हापूरला उद्यमनगरात करून घेतले. चोर्ला घाट, बेळगाव, कोल्हापूर. मी मोठ्या उत्साहाने ड्रॉइंग काढून नेलं होतं. लेथवरचे मामा कागदाकडे न बघता म्हणाले, "ते ठेवा, सॅम्पल आणलंय का सांगा." फॉस्फर ब्राँझचे बुश, दाबून बसवल्यावर दोन्ही एका ओळीत रीम केले. पिन हाताने ढकलली की जाते आणि सोडली तर पडत नाही, इतकं नेमकं. मामांनी वर सुनावलं की ग्रीस वेळेवर मारत जा, नाहीतर परत इथंच याल. कारखान्याच्या पुस्तकात या सांध्यांना दर २५०० किलोमीटरला ग्रीस सांगितलं आहे. धुळीच्या रस्त्यावर मी त्याच्या निम्म्यातच मारणार.

फ्लोअर पॅनचं थोडक्यात. मागच्या सीटखाली बॅटरी असते तिथला तळ खाऱ्या हवेने आणि अ‍ॅसिडने मिळून खाल्ला होता. बाहेरून पॅन मागवायचा तर पत्र्यापेक्षा त्याच्या वाहतुकीलाच पैसे जास्त. आमच्या टिंकरने सीआर (कोल्ड रोल्ड) पत्र्यातून तुकडा वळवून बसवला, खोबणीसकट. चतुर्थीच्या आधी होईल म्हणाला होता. चतुर्थी झाली, विसर्जन झालं, मग झालं. गोव्यात राहणाऱ्याने चतुर्थीच्या आसपासची तारीख मनावर घेऊच नये.

वायरिंग ६ व्होल्टच ठेवलं. लोक घाबरतात, पण दोष बहुतेक वेळा गंजलेल्या अर्थिंगचा आणि बारीक वायरचा असतो. जाड वायर घातली, अर्थिंगचे जोड घासून स्वच्छ केले, आणि स्टार्टर एका झटक्यात फिरू लागला. लहान दिव्यांचे बल्ब जुन्या येझदीच्या पार्टांच्या दुकानात मिळाले. ज्याला दुचाकीवाल्यांशी बोलायला कमीपणा वाटतो त्याने ६ व्होल्टच्या नादी लागू नये.

डाव्या सिमाफोरची कॉइल जळालेली होती. फोंड्याच्या मोटर वाइंडिंगवाल्याने जुनी तार मोजून तेवढ्याच गेजची, तेवढ्याच फेऱ्यांची भरली. बटण दाबलं की हात खट्कन बाहेर येतो. त्याच्या दुकानातली पोरं तेवढ्यासाठी पुन्हा पुन्हा बटण दाबत होती, शेवटी बॅटरी काढून घ्यावी लागली. उजव्या बाजूला मात्र नुसतं भोक आहे.

आणि हाल्डा. टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स) रॅलीत, जिथे ठरलेल्या वेगाने ठरलेल्या वेळी पोचायचं असतं, अंतर नेमकं कळलं नाही तर सगळं गणित कोसळतं. मोबाइलचं जीपीएस वापरता येतं हे मला माहीत आहे, धन्यवाद. पण १९६०च्या दशकातल्या रॅल्यांत नॅव्हिगेटरच्या पुढ्यात हाल्डा असायची. यंत्र माझ्या गाडीपेक्षा थोडं नंतरचं आहे, त्यावरून ज्यांना वाद घालायचा त्यांनी खुशाल घालावा. लिस्बनला राहणाऱ्या शेजाऱ्यांच्या मुलाने सुट्टीला येताना कपड्यांत गुंडाळून आणली. त्याच्या आईला वाटलं घड्याळ आहे.

बीटलमध्ये स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून येत नाही. ती डाव्या पुढच्या चाकाच्या स्पिंडलमधून आरपार जाते आणि तिचं चौकोनी टोक ग्रीसच्या टोपीत अडकतं, वर छोटी स्प्लिट पिन. चाक जेवढं फिरतं तेवढीच केबल फिरते. हाल्डा त्याच केबलला टी-जोड लावून चालवायची. मग टायरचा घेर बघून आतली दातेरी चाकांची जोडी बदलायची, की आकडा खऱ्या अंतराशी जुळतो. माझी अडचण अशी की मूळचे ५.६०-१५ टायर इथे मिळत नाहीत आणि सध्या गाडीवर अ‍ॅम्बेसेडरचे ५.९०-१५ आहेत. घेर मोठा, म्हणजे केबल कमी फिरते आणि अंतर कमी दिसतं. आधी टायरचा निकाल लागायला हवा, मगच चाकांना किती दात ते ठरेल. माझा कल १६५ आर १५ रेडियलकडे आहे.

एका मित्राच्या सांगण्यावरून मुंबईच्या जुन्या यांत्रिक टॅक्सी मीटरमधली चाकं लावून पाहिली. हाल्डा बनवणारी स्वीडिश कंपनी टॅक्सी मीटरही बनवायची, म्हणून आशा होती. दात जुळले नाहीत. आता मडगावचे एक घड्याळजी पितळेत जोडी कापून द्यायला तयार आहेत. दात किती हवेत ते मी टायर घालून, मोजलेल्या एका किलोमीटरवर गाडी चालवून सांगायचं आहे. रुंदीकरणानंतर हायवेवरच्या किलोमीटरच्या दगडांवर माझा भरवसा नाही, म्हणून अंतर टेपने मोजणार. दोघे मदतीला हवेत, फोंड्याच्या आसपासचे असाल तर कळवा.

सध्या शोधात असलेलं: उजवा सिमाफोर, ६ व्होल्टचा, जर्मन बनावटीचा. मॉरिस मायनरचे लुकासवाले माझ्याकडे दोघांनी आणून दिले, ते या खांबात बसत नाहीत. थ्रॉटल रिंग. ६ व्होल्टची मूळ वायपर मोटर, उजव्या स्टिअरिंगच्या गाडीची. आणि कोणाकडे ३० हॉर्सपॉवरचं उघडलेलं इंजिन पडून असेल तर त्याचे टिन फेकू नका, फोटो पाठवा. शेजारी मोजपट्टी ठेवून.