युतीचा धातू

20 डिसेंबर 2020च्या रात्री मी नेहमीप्रमाणे वृत्तपत्राच्या कार्यालयात मुद्रितशोधनाला बसलो होतो. राजकारणाच्या पानावर ‘आज सायंकाळी दुर्मीळ युती’ अशी चौकट लागली होती आणि तिच्याखालचा मजकूर मात्र आकाशात जवळ येणाऱ्या गुरू-शनीचा होता. वर्षभरापूर्वी शिवसेना-भाजप युती तुटल्यापासून हा शब्द दिसला की बातमी डोळे मिटून त्याच पानावर जात असे. मथळ्याखाली कोणी वाचलेच नव्हते. मी चौकट विज्ञानाच्या पानावर हलवायला लावली.

शब्द मात्र डोक्यातून जाईना. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यांनी संस्कृत शिकवलेले होते. त्यांनी सांगितले, की सूर्यसिद्धान्त या जुन्या ज्योतिषग्रंथाचा सातवा अध्याय ‘ग्रहयुत्यधिकार’ असून त्यात दोन ताराग्रह, म्हणजे बुध ते शनी या पाचांपैकी दोन ग्रह, एका अंशापेक्षा अधिक जवळ आले तर त्याला युद्ध म्हटले आहे आणि अंतर त्याहून जास्त असेल तर समागम. दुसऱ्या दिवशी गुरू आणि शनी यांच्यातले अंतर अंशाच्या सुमारे दहाव्या भागाइतके राहणार होते, म्हणजे आम्ही ज्याला कौतुकाने युती म्हणत होतो ते त्या ग्रंथाच्या हिशेबाने सरळ युद्ध होते. मग त्यांनी कागदावर धातुपाठातली, म्हणजे संस्कृत क्रियापदांच्या मूळ रूपांच्या यादीतली, ओळ लिहून दिली: ‘यु मिश्रणेऽमिश्रणे च’. ज्या धातूपासून युती आली, त्याचे अर्थ मिसळणे आणि वेगळे करणे असे दोन्ही दिलेले! राजकीय वार्ताहरांना ही ओळ कोणी दाखवली असती, तर त्यांचे बरेच अग्रलेख लिहायचे वाचले असते, असे मला वाटून गेले.

एवढ्यात राजकारणाच्या पानाचा सुधारित कागद आला आणि त्यावर ‘युतीधर्म’ असा शब्द तीन ठिकाणी होता. एकटा शब्द लिहिताना ‘युती’ दीर्घ, कारण मराठीत तत्सम शब्दाचा शेवटचा इकार दीर्घ लिहितात. पण समासाचे पहिले पद झाला की तो मूळ संस्कृतप्रमाणे ऱ्हस्व, म्हणून ‘युतिधर्म’. मी तिन्ही ठिकाणी लाल खूण केली आणि समासात वेलांटी ऱ्हस्व करावी, असे बाजूला लिहिले.

सकाळच्या अंकात ग्रहांची चौकट योग्य पानावर होती. ‘युतिधर्म’ दोन ठिकाणी ऱ्हस्व झाला होता. तिसरा, मोठ्या टंकातला, मथळ्यात तसाच दीर्घ राहिला होता.