दिवसाला एक मिलिमीटर

मोटरसायकलवरून पडलो तेव्हा डाव्या नडगीचं हाड मोडून कातडीबाहेर आलं होतं. पहिल्या ऑपरेशनात हाडात रॉड घातला आणि दवाखान्यात पडल्या पडल्या मी देवाला मुदत देऊन टाकली : तीन महिने. नवी नोकरी ठरलेली होती, रुजू व्हायची तारीख हातात होती. म्हणजे मी मागत होतो ते अगदी माफक होतं, असं माझं मत.

तीन महिन्यांनी जखमेतून पू येत होता. हाडात जंतुसंसर्ग. रॉड काढला, मेलेलं हाड कापून टाकलं आणि नडगीत मधोमध पाच सेंटिमीटरची पोकळी उरली. नोकरीचं प्रकरण दोन ओळींच्या मेलवर आटोपलं. भेटायला येणारा प्रत्येक जण पलंगाच्या कडेला बसून तेच म्हणायचा, ‘देवाच्या मनात काहीतरी चांगलंच असेल.’ ज्याचा पाय दुखतो आहे त्याला हे वाक्य ऐकवू नये. मी भाविक घरातला माणूस, पण त्या काळात मला या वाक्याची चीड यायची.

मग रिंग बसवली. गुडघ्याखाली पायाभोवती गोल कडी, त्यांतून हाडाच्या आरपार गेलेल्या ताणलेल्या तारा आणि कड्यांना जोडणारे आट्यांचे उभे दांडे. ही पद्धत गावरिल इलिझारोव्ह या सोव्हिएत डॉक्टरांची. सायबेरियातल्या कुर्गान भागात काम करताना १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी ती बसवली. पोकळीच्या वरचं चांगलं हाड मुद्दाम कापायचं, तो तुकडा हळूहळू खाली सरकवत न्यायचा आणि त्याच्या मागे पडत जाणाऱ्या जागेत शरीर स्वतः नवं हाड भरतं. मोडलेलं हाड बरं करायला चांगलं हाड कापायचं हे मला आधी पटेचना.

हाड कापल्यावर आम्ही सात दिवस नटाला हात लावला नाही. तिथे नव्या हाडाची सुरुवात व्हायला तेवढे दिवस द्यावे लागतात. आठव्या दिवशी माझ्या हातात पाना आला. पूर्ण फेरा म्हणजे एक मिलिमीटर, पण तो एका दमात द्यायचा नाही. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा, असा चार वेळा पाव-पाव फेरा. पाच सेंटिमीटर म्हणजे पन्नास दिवस, दोनशे पाव फेरे. आईने एक जुनी वही घेतली आणि प्रत्येक फेऱ्याला एक रेघ मारायला लागली. मी देवाचं नाव घेत पाना फिरवायचो. खरं सांगायचं तर त्या नामस्मरणात भक्ती थोडी आणि घाईच जास्त होती.

एकोणिसाव्या दिवशी मी गणित केलं. रोज एक पाव फेरा जास्त दिला तर उरलेलं काम आठवडाभर आधी उरकेल. कोणाला न सांगता चार दिवस दिला. पाचव्या दिवशी बोटांना मुंग्या आल्या, तारांपुढची कातडी लालबुंद होऊन ताणली आणि रात्रभर झोप नाही. एक्स-रेत नव्या हाडाची सावली पातळ दिसत होती. डॉक्टर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘हे हळू केलं तर हाड वेळेआधीच घट्ट होऊन बसतं, सरकत नाही. जोरात केलं तर मध्ये हाडच तयार होत नाही, नुसता चिवट तंतूंचा पडदा बनतो. एक मिलिमीटर हा आकडा मी ठरवलेला नाही.’ दहा दिवस पाना बंद. आईच्या वहीत दहा कोऱ्या ओळी पडल्या. तिने विचारलं नाही, मीच सांगितलं.

ती म्हणाली, ‘अरे, पुंडलिकाने देवाला वीट भिरकावून थांब म्हणून सांगितलं. देव थांबला. तू मात्र जिथे तिथे देवाला चल चल म्हणून ढकलतोस.’

आईच्या बोलण्याने मी एकदम शहाणा झालो असं नाही. दुसऱ्या दिवशी मी तिच्यावर चहावरून चिडलोच.

आणखी एक गोष्ट कबूल करायची आहे, आणि ती मला सगळ्यात जड जाते. ऑपरेशनच्या आधी ‘सिगारेट ओढता का?’ या प्रश्नाला मी ‘सोडली’ म्हणालो होतो. दिवसाला दोन-तीन चालूच होत्या, गॅलरीत, वॉकरला टेकून. तुकडा एकदाचा खाली पोचला, पण नवं हाड भरायलाही तयार नाही आणि खाली ज्या टोकाला तो तुकडा टेकला तिथे जुळायलाही. महिना गेला, दोन गेले. मी रोज देवाला विचारत होतो की आणखी किती परीक्षा. तिसऱ्या महिन्यात ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरने माझ्या शर्टाचा वास घेतला आणि सरळ डॉक्टरांकडे गेली. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, हाडाला पुरेसं रक्त मिळत नाही. नडगीच्या खालच्या भागाला मुळातच रक्तपुरवठा कमी, त्यात हे.

उशीर देव करतो आहे म्हणून मी ज्याच्याशी भांडत होतो, त्यातला काही उशीर माझ्या खिशात होता. किती, ते कोणी मोजून सांगू शकत नाही, आणि मीही सगळा दोष सिगारेटवर टाकणार नाही. जंतुसंसर्ग काही मी बोलावला नव्हता. पण त्या दिवसापासून माझी प्रार्थना बदलली. तारीख मागणं बंद झालं. फार मोठं काही सुचत नव्हतं म्हणून एवढंच म्हणायचो, आजचं माझं काम माझ्याकडून होऊ दे. काम म्हणजे तारांच्या जागा सलाइनने पुसणं, घोटा वर-खाली करणं आणि न ओढणं. शेवटचं सगळ्यात अवघड होतं.

कमरेचं थोडं हाड काढून त्या न जुळलेल्या जागी लावावं लागलं. पुन्हा ऑपरेशन, पुन्हा मागे. त्या वेळी मी उंच उडी मारणाऱ्या वालेरी ब्रुमेलबद्दल वाचत होतो. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक, दुसऱ्याच वर्षी मोटरसायकलचा अपघात, ऑपरेशनांमागून ऑपरेशनं आणि शेवटी इलिझारोव्ह यांच्याकडे उपचार. तो पुन्हा उडी मारायला लागला, पण पूर्वीची उंची काही गाठली नाही. का कोण जाणे, हे दुसरं वाक्य वाचून मला जास्त बरं वाटलं.

रिंग लावल्याला अकरावा महिना चालू असताना एक्स-रेत पोकळीच्या जागी पांढरी, भरीव रेघ दिसली. मला वाटलं, आता काढतील. डॉक्टरांनी रिंग काढली नाही. दांड्यांचे नट ढिले केले आणि म्हणाले, ‘दोन आठवडे असंच चाला. भार हाडावर येऊ दे.’ म्हणजे पायाभोवती लोखंड सगळं होतं, पण ते आता काही धरून ठेवत नव्हतं.

पहिल्या दिवशी मी दारापाशी उभा राहिलो, कुबड्या भिंतीला लावल्या आणि पंधरा मिनिटं पाऊल टाकलंच नाही. आई वही घेऊन बसली होती. मोजायला काही राहिलं नव्हतं, सवयीने बसली होती. मी डावा पाय पुढे टाकला, वजन दिलं. दांडे कुरकुरले. नडगीत खोल कुठेतरी दुखलं, पण ते जुनं, ओळखीचं दुखणं होतं, तुटल्यासारखं नव्हतं. मग उजवा.

आईने वहीत एक रेघ मारली.