मोतीबिंदू गेला, पण दोन-दोन दिसू लागलं

डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन वीस मिनिटांत उरकलं. डोळ्याखाली सुन्न करायचं इंजेक्शन दिलं होतं, दुखलं काहीच नाही. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि भिंतीवर घड्याळं दोन, एकावर एक!

"मला दोन-दोन दिसूलालंय," मी म्हटलं. "इंजेक्शनचा असर आहे आज्जी, उतरेल," दवाखान्यातले म्हणाले. तो असर फार तर दिवसभर राहतो, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नाही. महिना तसाच गेला.

खानापुरातल्या आमच्या घराचा जिना उतरताना प्रत्येक पायरीला दोन कडा दिसायच्या. वाचायला बसलं की एका ओळीची शिरोरेषा वरच्या ओळीच्या उकारांत घुसायची. जन्मभर मुलांना बाराखडी शिकवलेली मी, पुस्तक मिटून रडले. मग वहीत लिहू लागले: कधी, कुठे बघताना दोन दिसतं.

तिसऱ्या महिन्यात वाचणं सुधारलं. वाटलं, बरं होतंय. पण बेळगावच्या स्टँडवर नजर वर करून बसची पाटी बघितली, तर कन्नड अक्षरांचे दोन थर. नातू म्हणाला, "आज्जी, तू सारखी हनुवटी वर का धरतेस गं?"

शेवटी तिरळेपणा बघणाऱ्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी आधी एक-एक डोळा झाकायला लावला. कुठलाही झाकला तरी एकच दिसत होतं. म्हणजे दोष भिंगात किंवा पडद्यात नाही, दोन डोळ्यांचा मेळ बिघडलाय. थायरॉईडमुळेही असं होऊ शकतं, म्हणून ती तपासणी झाली, ती ठीक निघाली. मोतीबिंदूमागे जुना तिरळेपणा दडलेला असू शकतो, म्हणून जुने फोटो मागितले. मी शाळेच्या निरोप समारंभाचा नेला. त्यात डोळे सरळ होते. मग थेंब टाकून त्यांनी चिमट्यानं डोळा वर सरकवून पाहिला. सरकेचना.

वही वाचून त्या म्हणाल्या, "आधी खाली बघताना, आता वर बघताना. यातच उत्तर आहे." डोळा खाली ओढणाऱ्या स्नायूला सुई किंवा सुन्न करणारं औषध बाधलं होतं. आधी तो लुळा पडला, मग व्रण धरून आखडला आणि डोळा खाली ओढू लागला. औषध नीट पसरावं म्हणून त्यात हायल्युरोनिडेज मिसळतात. ते नसलं तर धोका वाढतो. माझ्या कागदावर त्याचा उल्लेखच नव्हता. इजा होऊ शकते, हे मी समजू शकते. पण महिनोन्‌महिने "उतरेल, उतरेल" म्हणत राहणं मला आजही सलतं.

मोजमाप स्थिर होईपर्यंत सहा महिने थांबलो. तोवर चष्म्याच्या काचेवर प्रिझमची, म्हणजे दोन दिसणारं जुळवून एक करणारी, पातळ पट्टी चिकटवली होती. मग स्नायू सैल करायचं ऑपरेशन झालं. आता समोर आणि वाचताना एकच दिसतं. अगदी वर बघितलं तर अजून दोन.

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचाय. इंजेक्शनशिवाय, नुसत्या थेंबांवर होईल का, हे यावेळी आधीच विचारलं. होईल म्हणालेत. संमतीचा कागद कन्नडमध्ये होता. सुनेनं तो ओळीन् ओळ मराठीत सांगितला, मग मी सही केली.