डगमगणारी पुंगळी

ओहायोत लेक ईरीच्या काठाजवळच्या एका दुकानात मी काउंटरवर असते. मासेमारीच्या गळापासून बंदुकीपर्यंत सगळं मिळणारं दुकान. माझा कोपरा रीलोडिंगचा. म्हणजे एकदा उडालेली पितळी पुंगळी साफ करायची, तिच्यात नवा प्रायमर (दारू पेटवणारी तळातली छोटी टोपी), नवी दारू, नवी गोळी बसवायची आणि काडतूस पुन्हा वापरायचं, त्याचं सामान. इकडे हा छंद अगदी राजरोस चालतो. कॅम्प पेरीच्या राष्ट्रीय नेमबाजी स्पर्धा 1907 पासून याच किनाऱ्यावर होतात, त्यामुळे जुलै आला की आमच्याकडे झुंबड.

त्या झुंबडीतच एका सकाळी एक आजोबा आले. पंच्याहत्तरीच्या पुढचे, बोटांचे सांधे सुजलेले. म्हणाले, "मला सगळ्यात लांब लिव्हरचं हँड प्रायमिंग टूल दाखवा. माझ्या अंगठ्यात आता जोर उरला नाही."

असं गिऱ्हाईक नेहमीचं. हातातल्या टूलने प्रायमर बसवायचा तो हाताला कळावं म्हणून. टेबलावर बसवलेल्या प्रेसच्या मोठ्या दांड्यावर जोर इतका मिळतो की प्रायमर नीट बसला की चेपला, ते हाताला समजतच नाही. हँड टूलमध्ये तो तळाला टेकला की तळव्यात बारीक 'टक्' लागतं. पैसे मोजायचे ते त्या 'टक्'चे. पण काही टूल अंगठ्याने दाबायची असतात, काही चार बोटांनी मूठ आवळून. संधिवातवाल्याला मी अंगठ्याचं टूल काढूनसुद्धा दाखवत नाही. शंभर पुंगळ्या झाल्या की अंगठा संपावर जातो.

मी तीन टूल काचेवर मांडली. शेलहोल्डरचं, म्हणजे पुंगळीची कड धरणाऱ्या तुकड्याचं, विचारून घेतलं. ते विचारावंच लागतं, कारण ली कंपनीच्या जुन्या ऑटो प्राइमला तिचेच वेगळे शेलहोल्डर लागायचे, प्रेसमधले चालत नसत. आरसीबीएसच्या युनिव्हर्सल टूलला शेलहोल्डरच लागत नाही, जबडाच पुंगळीची कड धरतो. आजोबांचं लक्ष मात्र लिव्हरच्या लांबीवरच.

"आत्ताचं टूल चालत का नाही?" मी विचारलं.

"पूर्ण बसवत नाही. हे बघा ना." असं म्हणून त्यांनी शर्टाच्या खिशातून एक पुंगळी काढली आणि काचेवर उभी केली.

माझ्या पोटात गोळा आला. आत जिवंत प्रायमर होता. दारू नाही, गोळी नाही, हे खरं. पण प्रायमर म्हणजे धक्क्याने पेटणारी वस्तूच, आणि आजोबा तो खिशात किल्ल्यांबरोबर घेऊन फिरत होते. मी काही बोलायच्या आत पुंगळी हलली. पंख्याचा वारा नव्हता, कुणाचा धक्का नव्हता. तरी डुगडुगत होती, एक पाय आखूड असलेल्या स्टुलासारखी.

प्रायमर पुंगळीच्या तळापासून किंचित आत हवा, इंचाच्या तीन ते पाच हजारांश. म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. बाहेर तर अजिबात नको. हा बाहेर होता.

"बंदूक कोणती?"

"गॅरंड."

मग हळूच म्हणाले, "गेल्या आठवड्यात रेंजवर बोल्ट पुढे गेला आणि गोळी सुटली. ट्रिगरला माझं बोटही नव्हतं. नळी टार्गेटकडे होती म्हणून वाचलो."

एम1 गॅरंड रायफलची फायरिंग पिन, म्हणजे प्रायमरवर टोला देणारी काडी, मोकळी असते. काडतूस नळीत ढकलणारा बोल्ट आदळला की ती पुढे सरकून प्रायमरवर बारीकसा खळगा पाडते. एरवी त्याने काही होत नाही. पण प्रायमर बाहेर डोकावत असेल तर तो बारीक टोलाही पुरतो. त्या दिवशी नेमकं हेच झालं असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण समोरची डुगडुगणारी पुंगळी बघून दुसरं काय सुचणार?

मी ती पुंगळी आत आमच्या गनस्मिथच्या, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याच्या, टेबलावर नेली. भिंग लावलं. तळावर शिक्का होता 'एलसी 69', म्हणजे मिझुरीतल्या लेक सिटी लष्करी कारखान्याचा 1969 चा माल. आणि प्रायमरभोवती पितळाची बारीक कडा आत वळलेली. लष्करी काडतुसात प्रायमर सुटू नये म्हणून भोवतीचं पितळ दाबून ठेवतात. जुना प्रायमर ठोकून काढला तरी ती कडा राहते, आणि नवा तिथे अडतो. ती एकदा रीम करून किंवा स्वेज करून, म्हणजे कापून किंवा दाबून, काढावी लागते. आजोबांनी काढलीच नव्हती. यापूर्वी कायम नागरी पुंगळ्या वापरल्या. हा लॉट मित्राने दिलेला.

म्हणजे अंगठ्यात जोर नाही हे खरं, पण दुखणं अंगठ्याचं नव्हतं. लांब लिव्हर दिली असती तर त्यांनी अडकलेल्या प्रायमरवर आणखी जोर लावला असता. मी ती विकणार नाही म्हटलं. मॅनेजरने लांबून भुवई उचलली, तिकडे मी बघितलंच नाही.

आजोबांनी घेतलं ते स्वेजिंगचं टूल आणि मूठ आवळायचं साधं हँड प्रायमिंग टूल. शिवाय लष्करी मापाच्या, बारीक टोल्याने सहज न पेटणाऱ्या सीसीआय 34 प्रायमरचा एक डबा. घरी अशा आणखी चाळीस-पन्नास प्रायमर बसवलेल्या पुंगळ्या होत्या. त्या दाबून खाली बसवायच्या नाहीत, वेगळ्या ठेवून आमच्या गनस्मिथकडे आणायच्या, खिशातून नव्हे डब्यातून, हे मी तीनदा सांगितलं. ते तिन्ही वेळा "हो" म्हणाले.

रात्री पुण्याला फोन केला. बाबा खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झालेत. 1869 चा कारखाना, आणि आमच्या लहानपणी घरात काडेपेटीसुद्धा ठरल्या जागी ठेवायची, असा त्यांचा खाक्या. मी सगळं रंगवून सांगितलं. आता शाबासकी मिळेल असं वाटत होतं.

ते म्हणाले, "ते ठीक आहे. पण प्रायमर बसवताना डोळ्यावर चष्मा लावतो का तो?"

मी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी सेफ्टी चष्म्यांचा स्टँड गळांच्या विभागातून ओढून आणला आणि प्रायमिंग टूलच्या शेजारी लावला.