मी एलएला राहत नाही

ज्यूरी ड्यूटीचं पत्र आलं हे फोनवर सांगितलं तर आई घाबरलीच. "कोर्टाचं पत्र? काय केलंस गं?" तिला समजावता समजावता माझी अर्धी संध्याकाळ गेली. काही केलेलं नाही गं आई, अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं ना तीन वर्षांपूर्वी, म्हणून आता ज्यूरीत, म्हणजे खटल्याचा निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांत, बसायला बोलावतात. पत्र लॉस एंजेलिस शहराचं नाही, लॉस एंजेलिस काउंटीच्या कोर्टाचं. "काउंटी म्हणजे?" जिल्हा समज, म्हटलं. पण कलेक्टर नसलेला.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी डाउनटाउनच्या स्टॅनली मॉस्क कोर्टात जाऊन बसले. दोन तास नुसतं बसणं, मग पस्तीस-चाळीस जणांना वर न्यायाधीशांसमोर नेलं. प्रत्येकाने उभं राहून राहण्याचं ठिकाण, कामधंदा आणि घरात कोण कोण आहे ते सांगायचं. एकेक जण सांगायला लागला: आल्हॅम्ब्रा. ग्लेनडेल. साउथ गेट. कॉम्प्टन. इंगलवुड. "लॉस एंजेलिस" म्हणणारे निम्मेसुद्धा नव्हते. माझी पाळी आली तेव्हा मी "सेरिटोस" म्हणाले, आणि तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, की एकोणीस वर्षं सगळ्यांना "मी एलएला राहते" असं सांगत आलेय आणि लॉस एंजेलिस शहरात एक दिवसही राहिलेली नाही. मी राहते ती काउंटीत.

ही काउंटी म्हणजे एक प्रकरणच आहे. 2020च्या जनगणनेत लोकसंख्या 1,00,14,009. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांहून जास्त. आत 88 शहरं, प्रत्येकाची वेगळी सिटी कौन्सिल. व्हर्नन नावाच्या शहरात त्याच जनगणनेत 222 माणसं मोजली, बाकी सगळे कारखाने आणि गोदामं. उलट माझ्या शेजारी बसलेली बाई ईस्ट एलएची होती. तिथे लाखाच्या वर वस्ती, पण ते शहरच नाही! त्याला महापौर नाही की कौन्सिल नाही, सगळं काउंटीच बघते. 2025च्या जानेवारीत आगीत होरपळलेलं आल्टाडेनाही तसलंच. काउंटीत असे दहा लाखांच्या आसपास लोक आहेत.

एवढी शहरं झाली कशी, याचं एक उत्तर आमच्या शेजारच्या लेकवुडमध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे शेतांत साडेसतरा हजार घरं उठली, आणि शेजारचं लाँग बीच शहर ती गिळंकृत करणार असं दिसताच रहिवाशांनी 1954 साली आपलं शहर वेगळं काढलं. पोलीस, अग्निशमन कुठून आणणार? काउंटीकडूनच, पैसे मोजून. शहर आपलं, शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, काउंटीचा. ही युक्ती इतकी सोपी होती की मग शहरांचं पीकच आलं.

त्याच पिकातलं आमचं सेरिटोस, आणि त्याची गोष्ट मला फार आवडते. 1956 साली ते शहर झालं तेव्हा त्याचं नाव होतं डेअरी व्हॅली. डच आणि पोर्तुगीज गवळ्यांनी घरं बांधणाऱ्यांना लांब ठेवायला म्हणून शहर काढलं. माणसांपेक्षा गायी कितीतरी जास्त. पण जमिनीचे भाव चढले, कर चढले, आणि त्याच गवळ्यांनी जमिनी विकून पूर्वेला चिनोकडे गोठे हलवले. 1967ला नावही बदललं. 1970मध्ये जेमतेम सोळा हजार असलेली वस्ती 1980ला त्रेपन्न हजारांवर गेली. आमचं घर त्याच लाटेतलं, 1973चं. मागच्या अंगणात कढीपत्ता लावायला खणते तेव्हा काळी, भुसभुशीत माती लागते. काही न घालता झाड माझ्या डोक्याच्या वर गेलंय. खत कोणाचं, ते मला माहीत आहे असं मी मनाशी धरून चालते. शेजारच्या आर्टीशियात पायोनियर बुलेवार्डवर साड्यांची आणि मिठाईची दुकानं आहेत, आणि जवळच पोर्तुगीजांचा हॉल अजून आहे, त्यांचा वार्षिक उत्सवही होतो.

दुपारच्या सुट्टीत डबा खाल्ला आणि फ्रीवेवरचा पूल ओलांडून जुन्या प्लाझात गेले. 1781 साली इथे 44 माणसं वसाहत करायला आली, त्यांची नावं फलकावर कोरलेली आहेत. आजच्या मेक्सिकोतल्या सोनोरा-सिनालोआकडून आलेली गरीब कुटुंबं, निम्म्याहून जास्त माणसं आफ्रिकी वंशाची, आणि बरीच मुलं. हे गाव स्पेनचं होतं, मग मेक्सिकोचं, 1848पासून अमेरिकेचं. इथले मूळ रहिवासी तोंग्वा लोक या सगळ्यांच्या कितीतरी आधीपासून इथे होते. काउंटी स्थापन झाली फेब्रुवारी 1850मध्ये, म्हणजे कॅलिफोर्निया राज्य व्हायच्याही आधी. तेव्हा ती आजच्यापेक्षा अवाढव्य होती. सॅन बर्नार्डिनो तिच्यातून निघालं, आणि 1889ला ऑरेंज काउंटी.

परतताना काउंटीची कचेरी लागते. एक कोटी माणसांचा कारभार बघणारे सुपरवायझर फक्त पाच, म्हणजे एकेकाच्या वाट्याला वीस लाख. "पाच छोटे राजे" म्हणतात त्यांना इथे. 2024 साली मतदारांनी हे नऊ करायला मंजुरी दिली. मीही हो म्हणाले होते, अर्थात तेव्हा इतका विचार केला नव्हता.

भूगोल मात्र कागदावर कळत नाही. आमच्या लिबर्टी पार्कच्या कडेने सॅन गॅब्रिएल नदी जाते. नदी म्हणजे काँक्रीटची पन्हळ, आणि मध्ये पाण्याची एक रेघ. 1914 आणि 1938च्या पुरांनी दाणादाण उडवली, म्हणून काउंटीने आणि लष्कराच्या इंजिनियरांनी मिळून नद्या अशा बांधून काढल्या. पाऊस पडून गेल्यावर सकाळी तिथून ईशान्येला बघावं. दहा हजार फुटांचा माउंट बाल्डी पांढराशुभ्र दिसतो, आणि मी बिनस्वेटरची चालत असते. डोंगरांपलीकडे लँकेस्टर-पामडेलचं वाळवंट, तीही काउंटीच. समुद्रातलं कॅटालिना बेटही.

माझी निवड काही झाली नाही. साडेचारला "या आता" म्हणाले. पंधरा डॉलर भत्ता दुसऱ्या दिवसापासून मिळतो, त्यामुळे हातात काहीच नाही. वर पाच नंबरच्या फ्रीवेवर सव्वा तास.

रात्री आईला सगळं सांगितलं, गायींसकट. तिने शांतपणे ऐकलं.

"बरं. पण मी आपली सगळ्यांना लॉस एंजेलिसच सांगणार हं. सेरिटोस कोण ओळखतंय?"