कागदावर नसलेले पायंडे

कोल्हापूर संस्थान 1 मार्च 1949 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले आणि त्यानंतर अकरा महिन्यांच्या आतच, कालपर्यंत छत्रपतींची प्रजा म्हणवणारी येथील माणसे प्रजासत्ताकाचे नागरिक झाली. येथे राजेशाहीची आठवण कडू नव्हती, हे लक्षात घेतले पाहिजे. 26 जुलै 1902 च्या जाहीरनाम्याने संस्थानच्या नोकऱ्यांतील निम्म्या रिक्त जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवणारे आणि 1917 साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करणारे शाहू महाराज ज्यांनी स्वतः पाहिले होते, त्यांना राजाशिवायच्या राज्याची गरज पटवून देणे सोपे नसणार. तरीही भाई माधवराव बागल आणि रत्नाप्पाण्णा कुंभार यांच्या प्रजा परिषदेने 1939 पासून जबाबदार राज्यपद्धतीची, म्हणजे लोकप्रतिनिधींना उत्तरदायी सरकारची, मागणी लावून धरली. चांगला राजा लाभणे हा योगाचा भाग असतो, आणि त्याच्यामागून गादीवर कोण येईल हे प्रजेच्या हाती नसते. रत्नाप्पाण्णा पुढे संविधान सभेचे सदस्य झाले.

म्हणजे राजाच्या मर्जीच्या जागी लिखित संविधान आले. परंतु त्या पहिल्या दशकातला पत्रव्यवहार आणि सभागृहातील चर्चा वाचताना माझे असे मत होत गेले आहे की, लिहिलेल्या कलमांइतकेच महत्त्व त्या कलमांमधल्या मोकळ्या जागांना होते, आणि त्या जागा पहिल्या पदाधिकाऱ्यांनी आपल्या वागणुकीने भरल्या. संविधान कितीही चांगले असले तरी ते राबवणारी माणसे वाईट निघाली तर तेही वाईटच ठरेल, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात सांगून ठेवले होते. राजकारणातील भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा इशाराही त्याच भाषणातला. (पुढच्याच वर्षी, 1950 च्या डिसेंबरात, बागलांच्या पुढाकाराने आमच्या बिंदू चौकात महात्मा फुले आणि आंबेडकर यांचे अर्धपुतळे बसले. पुतळा हयातीतच उभारला जाणाऱ्या नेत्याने व्यक्तिपूजेविरुद्ध बजावावे, यातील गंमत कोल्हापूरकराच्या नजरेतून सुटत नाही.)

या मोकळ्या जागांपैकी सर्वांत मोठी राष्ट्रपतिपदाभोवती होती. राष्ट्रपतींना साहाय्य करण्यासाठी व सल्ला देण्यासाठी मंत्रिमंडळ असेल, एवढेच कलम 74 म्हणत होते. तो सल्ला बंधनकारक आहे असे त्यात लिहिलेले नव्हते. पहिले राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांना हिंदूंच्या विवाह-वारशाचे कायदे बदलणारे हिंदू संहिता विधेयक मान्य नव्हते. थेट लोकांनी न निवडलेल्या हंगामी संसदेने इतका मोठा सामाजिक बदल करू नये, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते अगदीच गैरलागू होते असे म्हणता येत नाही. सप्टेंबर 1951 मध्ये त्यांनी पंडित नेहरूंना कळवले की, विधेयकांना संमती देताना आपण स्वतःच्या निर्णयबुद्धीने वागू इच्छितो. नेहरूंनी महान्यायवादी सेटलवाड आणि घटनातज्ज्ञ अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांची मते मागवली. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने बांधलेले आहेत, असे दोघांनीही सांगितले आणि राजेंद्रबाबूंनी तो विषय तेथेच थांबवला. इकडे विधेयक मार्गी लागत नाही म्हणून आंबेडकरांनी त्याच महिन्यात कायदामंत्रिपद सोडले, म्हणजे ज्यांना ते हवे होते आणि ज्यांना नको होते ते दोघेही नाराजच राहिले. सार्वत्रिक निवडणुकीनंतर मात्र विधेयकाचे तुकडे करून ते पुन्हा आणले गेले, आणि 1955 चा हिंदू विवाह कायदा व 1956 चा उत्तराधिकार कायदा या दोहोंवर सही झाली ती राजेंद्रबाबूंचीच. स्वतःला न पटलेल्या कायद्यावर केलेल्या त्या सहीने राष्ट्रपतिपदाचा अर्थ जितका ठरवला, तितका संविधान सभेतील कोणत्याही भाषणाने ठरवला नसेल. आपली शंका त्यांनी सोडली नव्हती. 1960 मध्ये एका जाहीर भाषणात तो प्रश्न त्यांनी पुन्हा काढला, पण तोवर पायंडा पक्का झाला होता. सल्ल्याचे बंधन कलमात शब्दांनी लिहिले गेले ते 1976 मध्ये, बेचाळिसाव्या दुरुस्तीने, तेही आणीबाणीत.

निवडणुकीच्या बाबतीत सुकुमार सेन यांचे नाव घ्यावेच लागेल. नेहरूंना मतदान लवकर उरकावेसे वाटत होते. पहिल्या मुख्य निवडणूक आयुक्तांनी मात्र तयारीला लागेल तेवढा वेळ घेतला. ऑक्टोबर 1951 ते फेब्रुवारी 1952 या काळात सुमारे 17 कोटी 30 लाख मतदारांसाठी, ज्यांतील बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते, उमेदवारागणिक वेगळी पेटी आणि तिच्यावर चिन्ह अशी व्यवस्था त्यांनी उभी केली. उत्तरेकडील काही राज्यांत ‘अमक्याची बायको’ किंवा ‘तमक्याची आई’ एवढीच ओळख सांगणाऱ्या सुमारे 28 लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळण्याचा कठोर निर्णयही त्यांचाच. या निवडणुकीत उत्तर मुंबईतून स्वतः आंबेडकर पराभूत झाले.

लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांची आठवण महाराष्ट्रात फारशी निघत नाही, याचे मला वाईट वाटते. त्यांचे घराणे संगमेश्वराजवळच्या मावळंग्याचे आणि सुरुवातीचे काही शिक्षण राजापूरचे, म्हणजे आमच्याकडून अणुस्कुरा घाट उतरला की लागणारा मुलूख. कारकीर्द मात्र अहमदाबादेत घडली. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या आश्वासनांचे पुढे काय झाले हे तपासणारी समिती 1953 मध्ये त्यांच्याच काळात स्थापन झाली. काँग्रेसचे असूनही ते सरकारला अडचणीचे प्रश्न विचारत राहिले. 1954 मध्ये त्यांनी नेहरूंना लिहिले की, वटहुकूम काढणे लोकशाहीला धरून नाही, आणि आपण आज जे करू तेच पुढच्यांसाठी उदाहरण ठरेल. त्याच वर्षीच्या डिसेंबरात विरोधकांनी त्यांच्यावरच पक्षपाताचा आरोप करून त्यांना हटवण्याचा ठराव आणला. तो फेटाळला गेला, पण त्यावर रीतसर चर्चा झाली.

ही पिढी निर्दोष नव्हती, आणि तिने घालून दिलेले वाईट पायंडेही तितकेच चिवट निघाले. सरदार पटेलांनी 1950 मध्ये आणलेला प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचा, म्हणजे खटल्याविना अटकेत ठेवण्याचा, कायदा एका वर्षापुरता होता. मुदतवाढ मिळत तो 1969 अखेरपर्यंत टिकला. 31 जुलै 1959 रोजी केरळातील बहुमत असलेले नंबुद्रीपाद सरकार केंद्राने बरखास्त केले, तेव्हा पंतप्रधान नेहरूच होते, आणि पुढे अनेक राज्य सरकारे त्याच वाटेने गेली.

वटहुकुमांच्या बाबतीत तर मावळंकरांचे ऐकलेच गेले नाही. अशी वेळ कधीकधी येतेच, असे नेहरूंचे उत्तर होते. ती वेळ पुढे किती वारंवार आली हे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील डी. सी. वाधवा यांनी बिहारची सरकारी राजपत्रे चाळून दाखवले. 1967 ते 1981 या काळात तेथे 256 वटहुकूम निघाले होते, आणि त्यांतील काही पुन्हापुन्हा जारी करून जवळजवळ चौदा वर्षे जिवंत ठेवले गेले होते. विधिमंडळाला वळसा घालण्याचा हा प्रकार म्हणजे संविधानाशी केलेली लबाडी आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने दिला तो 1986 च्या डिसेंबरात. मावळंकर फेब्रुवारी 1956 मध्येच, अध्यक्षपदावर असताना वारले होते.