कसाऱ्यानंतर डबा

रविवार, रात्री साडेदहा

सकाळी आठला मोबाइल घेऊन बसलो होतो. नागपूरच्या लग्नाला जायचंय आणि रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी उघडतं. पूर्वी 120 दिवस होते.

खरं तर मी गाडीच काढणार होतो. जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा शेवटचा तुकडा सुरू झाला, तेव्हापासून भिवंडीजवळच्या आमण्यापासून नागपूरपर्यंत 701 किलोमीटर सलग रस्ता. मागच्या खेपेला तसंच गेलो. आमणे गाठेपर्यंतच जीव मेटाकुटीला आला. ठाण्यात माजिवड्यापासून ट्रकांच्या मागे दीड तास, पहिल्या गिअरात. पुढे रस्ता इतका सरळ की मला डुलकी लागू नये म्हणून बायको भेंड्या खेळत बसली. इगतपुरीजवळचा पावणेआठ किलोमीटरचा बोगदा तर बघता बघता संपला. मागच्या सीटवरून बाबांनी एवढंच विचारलं, "कसारा गेला?"

गेला होता. खालून.

बाबांच्या हिशेबात कसारा म्हणजे जेवणाची वेळ. विदर्भ एक्स्प्रेस संध्याकाळी ठाण्याला पकडायची. कसाऱ्याला मागून ढकलायला बँकर इंजिनं लागतात, डब्याला एक गचका बसतो, मग गाडी घाट चढायला लागते. तो गचका बसल्याशिवाय आमच्याकडे पुऱ्यांचा डबा उघडायचा नाही. लहानपणी मी शहाडपासूनच भुकेने कळवळायचो, तरी नाही.

म्हणून या वेळी विदर्भच. तिकिटं मुद्दाम दोन काढली. एका तिकिटावर फक्त एक किंवा दोन ज्येष्ठ असतील तरच लोअर बर्थचा कोटा मिळतो, तिसरा तरणा माणूस घुसला की गेला. आई-बाबांना समोरासमोर खालचे बर्थ मिळाले. माझं आरएसी, तेही भलत्याच डब्यात. म्हणजे साइड लोअरवर अनोळखी माणसाच्या पायांशी पाय लावून रात्र काढायची. बायको आणि चिरंजीव परीक्षा आटोपून मागून येतील.

पैसे किती झाले ते बाबांनी दोनदा विचारलं. ज्येष्ठांची सवलत रेल्वेने मार्च 2020 मध्ये बंद केली, ते दुखणं अजून ताजं आहे. शहात्तराव्या वर्षी एसटी त्यांना राज्यात कुठेही फुकट नेते. खोपटच्या स्टँडवरून परवा सहज कुठेतरी जाऊन आले, कंडक्टरने दिलेलं शून्य रुपयांचं तिकीट पाकिटात जपून ठेवलंय. "एसटीनेच जाऊ या का?" म्हणाले. आईने नुसतं बघितलं. तिला अर्धं तिकीट पडतं, पण प्रश्न कमरेचा आहे.

आत्ता पाणी प्यायला उठलो तर स्वयंपाकघरात दिवा चालू. बाबा ओट्याशी उभे, हातात शिवणयंत्राच्या तेलाची बाटली. बॅग बर्थला बांधायच्या साखळीचं कुलूप गंजलं होतं, त्यात थेंब थेंब सोडत होते. प्रवासाला अजून दोन महिने आहेत.

"डबा कोणता न्यायचा, तुझ्या आईला विचार," म्हणाले.